बियाचं गिलकं

आमच्या आईच्या अंगणात एक गिलक्याचा वेल असायचा. देशावरचे लोक ज्याला घोसाळं म्हणतात, तेच आमचं गिलकं. पण आईचं गिलकं बाजारातल्यासारखं लांब, मऊ नव्हतं. वीतभर, पोटाला गोल, देठापासून खाली पांढुरक्या रेघा उतरलेल्या. कढईत टाकलं तरी पाणी सोडायचं नाही. त्याची भजी तळायला घेतली की ओल्या गवताचा आणि तापल्या दुधाचा मिळून एक वास घरभर फिरायचा. तो वास मला अजूनही कधी कधी झोपेत येतो आणि जाग आल्यावर थोडा वेळ तसाच राहतो.

आम्ही दोघी बहिणी. मी थोरली, चंचल धाकटी. लग्नात आईने दोघींच्या पदराला या गिलक्याचं बी बांधून दिलं. चंचलला तापीकाठी, शेजारच्याच खेड्यात दिली. मी नवऱ्याबरोबर सुरतेला आले. नवीन होते तेव्हा मी कधी तापीवर जाऊन बसायची. हेच पाणी दोन दिवसांपूर्वी चंचलच्या घाटावरून निघालं असेल, असं मनात यायचं. तिचे पाय त्यात बुडाले असतील, तिने हंडा भरून घेतला असेल, आणि उरलेलं माझ्याकडे पाठवलं असेल.

सुरतेच्या पांडेसऱ्यात आमची खोली एका लांब लाइनीत होती. वर सिमेंटचे पत्रे, पुढे दोन हात रुंद ओटा, त्याच्यापुढे गटार. गटाराचं पाणी रोज वेगळ्या रंगाचं असायचं. कापड रंगवायच्या प्रोसेस हाउसमध्ये लाल माल चालला की लाल, निळा चालला की निळं. माझा नवरा तिथेच रंगाच्या खात्यात होता, तो गेल्यावर मुलगा कुंदन लागला. रंगाचा एक मोठा ड्रम अर्धा कापून, घासूनपुसून मी ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला होता. माती गावाहून आणलेली, गोणीत घालून, गाडीत पायाखाली ठेवून. त्या ड्रममधून दर पावसाळ्यात आईचं गिलकं उगवायचं, खांबावरून पत्र्यावर चढायचं आणि शेजारच्या दोन-तीन खोल्यांवर पसरायचं. पहाटे त्याची पिवळी फुलं उघडत. तेवढ्या वेळापुरती ती लाइन कुणा वेगळ्याच गावची वाटायची. मग भोंगा वाजला की पुन्हा पांडेसरा.

बी धरायची आईची एक रीत होती. पहिलं फळ धरायचं नाही, शेवटचंही नाही. शेंडा चाखून बघायचा, जराही कडवट लागला तर ते सोडून द्यायचं. एका वेलावर एकच फळ बियाला ठेवायचं, म्हणजे वेलाचं सगळं बळ त्याला मिळतं. कुणी चुकून तोडू नये म्हणून देठाला लाल कापडाची चिंधी बांधायची. ते फळ वेलावरच पिकू द्यायचं, वाळू द्यायचं. वारा आला आणि ते आतून खुळखुळ वाजलं की बी तयार. मग बी राखेत घोळवून ओल्या शेणाच्या गोवरीत दाबायचं आणि गोवरी भिंतीवर उंच थापून ठेवायची. किडा लागत नाही. मी सुरतेतही हे सगळं तसंच करत आले. शेण मिळवायला गवळ्याच्या गोठ्यापर्यंत जावं लागायचं, तेवढाच फरक.

फरक पडला तो पावसात. पूर्वी पाऊस नक्षत्राने यायचा. पुढे तो मनाला येईल तसा यायला लागला. गावाकडे यायचा तेव्हा येईना आणि हरभरा कापणीला आला की गारा. सुरतेत एकदम एवढा कोसळायचा की वर्षाचा सगळा हिशोब एका दिवसात मिटवायचा आहे जणू.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी आमचा शेजारी दगा पोळ्याला गावी, चंचलच्याच खेड्यात, गेला होता. तो उधन्याला लूमवर, यंत्रमागावर, कामाला होता. परत आला तो ओट्यावर पाय धुता धुता म्हणाला, "रंभामावशी, तुनी बहीणना निरोप शे."

"काय म्हणे चंचल?"

"म्हणे, मायनं गिलकं मनाकडथून संपनं. दोन साल जयनं, तिसरा साल गारांनी झोडपं. बी नही राहिनं. आक्काले म्हणा, तुनाकडनं धाड." मग पाय पुसत म्हणाला, "मी म्हणालो, भेंडी लाव ना मावशी, गिलकं काय सोन्याचं शे का? तं माले हातमा झाडू लिसन मारायले उठनी."

मी हसले. भिंतीकडे बोट दाखवलं. "तिथे गोवरीत आहे. दिवाळीला जाशील तेव्हा ने."

त्याच आठवड्यात तापी चढली. तापी चढली की आमच्याकडची खाडी तुंबून उलटी फिरते आणि गल्लीत येते. पाणी घरात शिरलं, भिंतीला चढत गेलं. आम्ही माळ्यावर बसून बघत होतो. भिंतीवरच्या गोवऱ्या आधी काळ्या झाल्या, मग फुगल्या, मग भिंतीवरून घसरत पाण्यात गेल्या. आवाज झाला नाही. पाणी उतरल्यावर कोपऱ्यातल्या चिखलात मला थोडं बी सापडलं. त्याला पांढरे कोंब फुटले होते. पाण्यातच उगवायला निघालं होतं बिचारं. मी ते ड्रममध्ये लावून पाहिलं, पण दुसऱ्या दिवशी कोंब काळे पडले.

आता आईचं गिलकं कुठे होतं, तर फक्त आमच्या पत्र्यावर. वेल उंचावर होता म्हणून वाचला. मी स्टुलावर उभी राहून एकेक फळ हाताने चाचपलं, शेंडे चाखले, आणि ओट्याच्या बाजूचं एक चांगलं भरलेलं फळ बियाला धरलं. चिंधी बांधायची तर घरातलं सगळं ओलं, चिखलाने माखलेलं. कोरडी एकच पेटी होती, माळ्यावरची. तिच्यात कानबाईचं सामान. श्रावणात आमच्या खानदेशी घरांतून कानबाई बसते. नारळाची देवी, तिला दागिने, तिला साडी. त्या साडीखाली अंथरायचं लाल सुती कापड होतं. मी हात जोडले, म्हटलं, माय, तुला एवढंसं कमी पडणार नाही. आणि काठाची पट्टी फाडून देठाला बांधली.

त्यानंतर गणपती बुडाले आणि सुरतेत रोग आला.

पहिल्यांदा कुणी तरी म्हणालं की उंदीर मरतायत. मग माणसं मेल्याचं कानावर आलं. कतारगामकडून कुणी काही सांगायचं, स्टेशनकडून कुणी काही. दोन दिवसांत सगळ्यांच्या तोंडाला फडकी आली आणि औषधाच्या दुकानातल्या कॅप्सूल संपल्या. मिल बंद झाल्या. पोटाशी पोरं धरून माणसं स्टेशनाकडे चालत निघाली.

कुंदन घाईघाईने घरात आला आणि म्हणाला, "माय, उठ. गाडी आज भेटी, सकाय भेटी का नही कोनले माहीत."

हर्षदाने, माझ्या सुनेने, कपड्यांचं गाठोडं आधीच बांधलं होतं. नात निशा तिच्या कडेवर. मी ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, "तुम्ही जा. मी आठेच राहसू."

"काब्र?" त्याने कारण विचारलं.

मी वर बघितलं. त्यानेही वर बघितलं. त्याला निरोप ठाऊक होता.

"एक गिलकासाठे?" तो म्हणाला. "तोडीसन लई चाल ना मंग."

"हिरव्यातलं बी उगवत नाही. आत अजून पांढरं आहे. ते वाळायला पाहिजे."

"लोके काय म्हणतीन? मायले सोडीसन पयना."

"लोक कुठे उरलेत म्हणायला?"

हर्षदा मधे पडली. ती नंदुरबारात शिकलेली, घरात अहिराणी बोलायची नाही. "आई, ऐका ना. जीव राहिला तर हजार वेल लावाल."

"कशाचे लावू? बी तर हेच आहे." मग मी आवाज खाली केला. "हे बघ, गाडीत दाराला लोंबकळून माझ्याच्याने यायचं नाही. तुला निशाला सांभाळायचंय, त्यात मला कुठे धरतेस? मी गर्दीत जात नाही, कुणाला शिवत नाही. पाणी उकळून पिते. तुम्ही निघा."

तेही खोटं नव्हतं. कुंदन बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिला. शेवटी त्याच्या वाटच्या कॅप्सूल त्याने माझ्या हातात ठेवल्या, तांदूळ आणि रॉकेल आणून दिलं, आणि जाताना एकदाही मागे वळून बघितलं नाही. मी त्याला ओळखते. वळला असता तर गेला नसता.

दगा निघाला तो माझ्या ओट्यापाशी थांबला. त्याने ती लाल पट्टी बघितली. आमच्या लोकांना कानबाईचं कापड दुरून कळतं. त्याच्यावर हळदीचे डाग होते, काठाला जरीची रेघ होती.

"मावशी, हाई काय शे?"

"बियासाठी बांधलंय."

"हां," तो म्हणाला. खिशातून त्याने लूमवरच्या कोऱ्या कापडाची एक पट्टी काढली, डबा बांधायला ठेवलेली, आणि शेजारच्या फळाला बांधली. "मंग मनंबी एक राहू दे."

त्याच्या मागे प्रमिलाबाई आली. ती आमच्यापासून तीन खोल्या पलीकडे राहायची, घरी बसून साड्यांचे धागे कापायचं काम करायची. दोन मुली हाताशी. तिने दुरूनच हात जोडले. "रंभाबाई, तुम्ही सगळ्या गल्लीसाठी कानबाईला नवस बोलून थांबताय, मला माहीत आहे."

"अगं, तसं काही नाही. बहिणीला बी पाठवायचंय."

"असं सांगायचंच नसतं कुणाला," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. तिने हिरव्या-गुलाबी फुलांच्या साडीची पट्टी काढली. छपाई बिघडलेला तुकडा होता, असले तुकडे तिच्या घरात ढिगाने. वर हात पुरेना म्हणून तिने माझं स्टूल घेतलं आणि पत्र्याच्या पन्हाळीखाली, आडोशाला लटकलेल्या एका बारक्या फळाला बांधली. "आम्ही सुखरूप परत आलो तर याला तापीत शिरवू, विसर्जन करू."

मी अजून काही बोलणार होते. पण तिची धाकटी मुलगी रडायला लागली आणि त्या निघाल्या. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ज्याने त्याने जाता जाता एकेक चिंधी बांधली. घाबरलेल्या माणसाला काय सांगणार? त्याला हात लावायला काही तरी हवं असतं. सगळे गेल्यावर मी वर बघितलं तर वेलावर एकही मोकळं फळ राहिलं नव्हतं.

मग गल्ली रिकामी झाली.

तशी शांतता मी सुरतेत कधी ऐकली नव्हती. लूमची खटखट बंद. भोंगे बंद. इतकी वर्षं मी त्या आवाजातच झोपले, त्यातच उठले, त्यामुळे कानाला काही तरी हरवल्यासारखं वाटायचं. पांढरी पावडर मारायला माणसं यायची, तोंडं बांधलेली, आणि एक अक्षर न बोलता जायची. त्यांच्या पावलांचे पांढरे ठसे गल्लीभर राहायचे. मग वाऱ्याने तेही पुसट व्हायचे.

गटाराचं पाणी हळूहळू निवळलं. आधी लाल गेलं, मग निळं गेलं, आणि एका सकाळी मला तळाची वाळू दिसली. त्यात आभाळ दिसत होतं. एक बगळा येऊन त्यात उभा राहिला. त्याला कुणी हाकललं नाही.

दुपारी मी ओट्यावर वेलाच्या सावलीत पडून राहायची. जाग आणि झोप यांच्यामधे काही कुंपण उरलं नव्हतं. डोळे मिटले की आईचं अंगण यायचं. ती वेलाखाली वाकून काही तरी शोधत असायची. मी विचारायची, काय हरवलं, तर ती म्हणायची, काही नाही, फक्त मोजतेय. डोळे उघडले की वर चिंध्या हलत असायच्या. हिरवी-गुलाबी, कोरी, निळ्या बुट्ट्यांची, चंदेरी. बारशाला पाळण्यावर बांधतात तशा. कधी वाटायचं, सगळी गल्ली पत्र्यावर चढून बसलीय आणि खाली माझ्याकडे बघतेय. मला त्यांची सोबत वाटायची. मी त्यांना नावाने हाका मारायची. दगा, आज ऊन फार आहे रे. प्रमिला, तुझ्या पोरींना जेवायला मिळालं का गं?

पण वेलाचं चांगलं चाललं नव्हतं. पूर येऊन गेल्यावर पावसाने तोंड फिरवलं होतं. ऊन वैशाखातलं असावं तसं. खालची पानं पिवळी पडली, मग वरची. एवढ्या फळांना एक वेल किती पुरणार? आईची रीत मला पाठ होती. बाकीची फळं काढून टाक, एकाला जगव. मी विळा घेऊन स्टुलावर चढले. दग्याचं फळ हातात घेतलं. ते उन्हाने गरम झालं होतं, एखाद्या पोराचं डोकं असावं तसं. तो त्या वेळी कुठे असेल, गाडीत असेल की गावाच्या वेशीवर कुणी अडवून ठेवलं असेल, मला काही माहीत नव्हतं. ज्या फळाला त्याने हात लावला ते मी कापायचं, आणि उद्या त्याचं काही बरंवाईट कानावर आलं तर?

मी विळा खाली ठेवला. माझ्या वाटच्या अंघोळीचं पाणीही ड्रममध्ये घालायला लागले. चंचल, मी मनात म्हटलं, जमेल तेवढं करते.

काही दिवसांनी माझं लाल पट्टीचं फळ पिवळं झालं, मग तपकिरी. हलवून बघितलं तर आत अजून बोलत नव्हतं, पण बोलेल असं वाटत होतं. मी खूष झाले. आणि अवेळी, कुणी बोलावलं नसताना, पाऊस आला. नवरात्राच्या तोंडाशी. दोन रात्री आणि मधला दिवस नुसता पडत राहिला.

पाऊस थांबल्यावर मी बाहेर आले. बाकीच्या चिंध्यांवरचं पाणी केव्हाच निथळून गेलं होतं. सुरतेचं कापड ते, पॉलिस्टर, पाणी धरतच नाही. झटकलं की कोरडं. माझी पट्टी मात्र सुती. ती पाणी पिऊन जड झाली होती आणि ओल्या हाताने गळा धरावा तशी देठाला चिकटली होती. गावाकडच्या वाऱ्यात ती तासात वाळली असती. इथल्या दमट हवेत ती ओलीच राहिली. मी गाठ सोडली. खालचा देठ काळा होता. फळ माझ्या हातात आपोआप आलं. फोडलं तर आत बुरशी, आणि बी पोकळ, बोटाने दाबलं की चपटं होणारं.

सगळं आयुष्य मी कापडाच्या गावात काढलं. कुठलं कापड किती पाणी धरतं हे मला झोपेतही सांगता आलं असतं. पण चिंधी लालच हवी, सुतीच हवी, आईने बांधायची तशी, यापलीकडे मी बघितलंच नाही.

मी ते फळ मांडीवर घेऊन बसून राहिले. रडू आलं नाही. चंचल झाडू घेऊन दग्याच्या मागे लागलेली तेवढी दिसत राहिली.

आठवडाभर कडक ऊन पडलं. मग एका दुपारी वारा सुटला. आणि वरून कुठून तरी आवाज आला. बारीक. खुळ, खुळ. मला वाटलं स्वप्नच आहे, आईच्या अंगणातलं. मी डोळे उघडेच ठेवले. पुन्हा आला. पन्हाळीखाली, आडोशाला, प्रमिलाबाईचं ते बारकं फळ वाळून कागदासारखं झालं होतं आणि त्याच्या गळ्यात हिरवी-गुलाबी पट्टी फडफडत होती. त्याच्या पलीकडे दग्याचं. मग निळ्या बुट्ट्यांचं. लूम बंद असलेल्या त्या गल्लीत गिलकी एकेक करून बोलायला लागली होती.

माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच टांगणीला लागला. कारण ती माझी नव्हती. ती नवसाची फळं होती, आणि नवस बोलणारीने तापीत शिरवायचं कबूल केलं होतं.

माणसं परत आली ती दिवाळीच्या थोडं आधी. कुंदन, हर्षदा, निशा आली. कुंदन माझ्याजवळ बसला आणि कितीतरी वेळ माझं मनगट धरून राहिला, नाडी बघतोय असं दाखवत. दगा आला. प्रमिलाबाई दोन्ही मुलींना घेऊन आली. आमच्या लाइनीतलं कुणी दगावलं नाही. त्यामुळे झालं काय, की माझं काही चालेना. सगळ्या बायका वेलाखाली जमल्या, हळदकुंकू लावलं आणि ठरलं की सोमवारी सकाळी वाजतगाजत तापीवर जायचं, कानबाईला पोचवतात तसं.

मी ओट्यावर उभी राहिले. म्हटलं, "मला एक सांगायचंय. मी नवस केला नव्हता."

प्रमिलाबाई हसली. "पुन्हा तेच."

"खरंच नाही गं. घरात दुसरं कोरडं कापड नव्हतं म्हणून कानबाईचं फाडलं. बियाचं फळ ओळखू यावं म्हणून. ते फळ सडलं. आता आमच्या आईचं बी कुठे असेल तर तुमच्या या फळांत आहे. तुम्ही ती बुडवलीत तर माझ्या बहिणीला द्यायला माझ्याकडे काही नाही."

प्रमिलाबाईचा चेहरा उतरला. तिने तो सगळा महिना त्या फळाच्या भरवशावर काढला होता.

दगा भिंतीला टेकून तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "माले माहीत व्हतं."

"काय माहीत होतं?"

"मी काय येडा शे का? तूच सांगेल व्हतं ना, बीसाठे बांधेल शे. नवस करनारी बाई देवीनं कापड फाडस का?"

"मग तू कशाला बांधलीस?"

त्याने तंबाखू तोंडात टाकली. "तू एकली राही राहिंती. मी म्हनं, आपलं काहीतरी राहू दे बुढीजोडे." मग म्हणाला, "आनि बायको म्हणे बांध. तिनापुढे कोन बोली?"

बायका हसल्या. पण प्रमिलाबाई हसली नाही. ती म्हणाली, "मी तर मनापासून बोलले होते, रंभाबाई. पोरींना घेऊन परत आले. आता शब्द कसा मोडू? देवीचं देवीला द्यायलाच पाहिजे."

तिचंही खरंच होतं. मी ड्रमच्या कडेवर बसले. मग माळ्यावरच्या पेटीकडे माझं लक्ष गेलं.

"प्रमिला," मी म्हटलं, "तुमच्याकडे कानबाई पोचवताना नारळ नदीत सोडतात का?"

"छे. नारळ परत आणायचा. तो पिढीजात असतो. आमचा सासूच्या सासूपासूनचा आहे."

"मग नदीत काय सोडता?"

"फुलं, वाळू, पत्री." ती बोलता बोलता थांबली. तिने वर आपल्या फळाकडे बघितलं. वारा नव्हता, ते गप्प होतं. "म्हणजे साल नदीला द्यायची आणि..."

"तू सांग. नवस तुझा आहे."

ती म्हणाली, "बी घरी आणायचं. आणि दर वर्षी लावायचं, नारळासारखं. एकही वर्ष चुकवायचं नाही."

सोमवारी आम्ही तापीवर गेलो. दगा डफ वाजवत पुढे. पाणी उतरलेलं, संथ. एकेकीने आपलं फळ फोडून बी पदरात घेतलं आणि उरलेली जाळीदार साल पाण्यात सोडली. ती हलकी, बुडेचना. सगळ्या साली तरंगत, फिरत, समुद्राकडे गेल्या आणि आम्ही दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिलो. प्रमिलाबाईने मात्र आपलं फळ फोडलं नाही. ती माझ्याजवळ आली आणि पट्टीसकट ते माझ्या ओटीत घातलं. म्हणाली, "मला वेलावर आणखी एक मिळालंय, पानामागे लपलेलं. हे बहिणीला न्या. साल तिथल्याच तापीत सोडायला सांगा. पाणी तेच आहे."

दिवाळीला दग्याबरोबर पाठवणार होते, पण मला ते कुणाच्या हाती द्यावंसं वाटेना. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात, तेव्हा मीही गेले. मला माहेर म्हणून चंचलच उरली होती. फळ मांडीवर घेऊन खिडकीशी बसले. गाडी हलली की ते बारीक वाजायचं, आणि समोरच्या बाईच्या मांडीवरचं बाळ रडायचं थांबून ऐकायचं.

चंचल अंगणात उभी होती. वाळली होती, केस पांढरे झाले होते. मी फळ तिच्या कानाशी नेऊन हलवलं. तिने डोळे मिटले. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. अंगणात तापलेल्या मातीचा वास होता, पण मला वाटलं मधेच तो दुसरा, गवताचा आणि दुधाचा, येऊन गेला.

मग तिने डोळे उघडले आणि त्या हिरव्या-गुलाबी पट्टीला बोट लावलं. एवढं ऊन-पाणी खाऊनही तिचा रंग उडाला नव्हता.

"हाई कोनं शे?"

"प्रमिलाबाईचं."

"कोन प्रमिलाबाई?"

मी सांगायला लागले. ते सांगता सांगता संध्याकाळ झाली. चंचलने फळ फोडलं, बी सुपात घेतलं, काळं, चकचकीत. त्यातलं थोडं तिने माझ्या पदराला बांधलं, थोडं शेजारणीला दिलं, थोडं पलीकडच्या घरी. आई असती तर एवढं वाटलं नसतं. मी मात्र तिला अडवलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात सुरतेला माझं रोप अति पाण्याने कुजलं. प्रमिलाबाईचं पत्र्यावर चढलं. गावाकडे पाऊस उशिरा आला, चंचलची पहिली लावणी जळाली, शेजारणीची जगली, आणि तिने चंचलला बी परत दिलं. आता कुणाकडे ना कुणाकडे ते असतंच.

मागे चंचलच्या गावचा एक माणूस कामासाठी पांडेसऱ्यात आला. त्याच्या बायकोने ओट्याशी वेल लावला. मी सहज थांबून शेंडा चाखला आणि विचारलं, हे कुठलं गिलकं?

ती म्हणाली, "आमना गावनं शे मावशी. प्रमिलाबाईनं गिलकं म्हणतस त्याले."

"प्रमिलाबाई कोण?"

"काय माहीत," ती म्हणाली. "व्हई कोनी जुनी बाई."

मी तिला म्हटलं, बियाचं फळ धरशील तेव्हा सुती चिंधी बांधू नकोस. आणि घरी आले.